प्रश्न क्रमांक एकशे सतरा

वाचनालयात त्याला सगळे ‘तालिका’ म्हणायचे. पेपर झाला की परीक्षा मंडळ उत्तरतालिका लावतं. ती लागण्याआधीच याला पाठ असते, म्हणून हे नाव. कुणी दिलं ते आता सांगता येत नाही. देणारे नोकऱ्या लागून केव्हाच निघून गेले होते. हा राहिला होता.

मी त्याला दादा म्हणायचो. तो माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. मी साहित्यात पदवी घेतली होती, आणि ती घेऊन पुढे कुठे जायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरचे म्हणाले, स्पर्धा परीक्षा दे. मी वाचनालयात गेलो आणि पहिली रिकामी खुर्ची दिसली तिच्यावर बसलो. शेजारी तो होता.

“काय शिकलास?”

“साहित्य.”

“अरेरे. म्हणजे तुला चारही पर्याय बरोबर वाटणार.”

तेव्हापासून मी ‘कवी’ झालो. मी आयुष्यात एकही कविता केलेली नाही.

त्याच्या खुर्चीवर एक उशी असायची. आईने शिवलेली, चौकोनी. आठ वर्षं बसून बसून मधोमध कागदासारखी चपटी झालेली. वाचनालय सांभाळणाऱ्या बाई येता-जाता त्या उशीकडे बघत आणि म्हणत, “ही उशी निवृत्त होईल, हा नोकरीला लागायचा नाही.” तो हसायचा. बाईंचाही त्याच्यावर जीव होता. खिडकीजवळची जागा त्या दुसऱ्या कुणाला देत नसत.

तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. परीक्षेला बसायची मर्यादा अडतीस. म्हणजे त्याच्याकडे एकच परीक्षा उरली होती. नववी. हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, अगदी सहज, जणू बस किती वाजता आहे ते सांगावं. आधी तो एका कारखान्याच्या भांडारात काम करायचा. काय आलं, काय गेलं ते लिहायचं. तीन परीक्षा तिथे राहून दिल्या. मग अभ्यासाला पूर्ण वेळ हवा म्हणून ते काम सोडलं. त्यानंतर पाच दिल्या. एकदा ताप होता. एकदा प्रश्नसंचाचं अक्षर भरायचं राहिलं आणि अख्खा पेपर बाद झाला. आणि पाचव्या खेपेला दोन गुणांनी गेला. ती खेप तो विसरला नव्हता.

त्या वेळी त्याची चार उत्तरं बरोबर होती आणि तालिकेत चूक होती. त्याने चार आक्षेप पाठवले, पुस्तकांच्या पानांसह. चारही परत आले. प्रत्येकावर एकच ओळ. आक्षेप अमान्य. तालिका कायम.

“त्या दिवशी मला परीक्षा समजली,” तो म्हणाला. “बरोबर उत्तर शोधायचंच नाही. तालिकेतलं शोधायचं.”

मंडळ सामान्यज्ञानाचे प्रश्न एका जाडजूड निळ्या मार्गदर्शक पुस्तकातून उचलतं, हे त्याने जुने पेपर शेजारी ठेवून शोधून काढलं होतं. त्या पुस्तकात चुका होत्या. त्याने त्या सगळ्या लाल पेन्सिलीने गोल करून ठेवल्या होत्या. एकसष्ट. खरं उत्तर काय ते प्रत्येकीशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं. आणि मग त्याने चुका पाठ केल्या होत्या.

“खोटं पाठ करायचं?” मी विचारलं.

“कवी, तुम्ही लोक दुसरं काय करता?”

तो पुढे म्हणाला, “पाण्यात राहून माशाशी वैर नको. एकदा आत गेलो की काय खरं ते बोलेन.”

बुद्धिमापनात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. अंकमालिका बघितली की तो आधी उत्तर सांगायचा आणि मग कारण शोधायचा. नात्यांची कोडी त्याने मला त्याच्या घरी शिकवली, जेवताना. वडिलांच्या काचेच्या दुकानामागेच दोन खोल्यांचं घर होतं.

“एका फोटोकडे बोट दाखवून बाई म्हणते, याच्या आईचा एकुलता एक मुलगा हा माझ्या मुलाचा बाप. तर फोटोतला माणूस तिचा कोण?”

मी बोटांवर मोजायला लागलो.

“नवरा,” आतून त्याची आई म्हणाली. “आणि स्वतःच्या नवऱ्याबद्दल इतकं फिरवून बोलतेय म्हणजे भांडण झालेलं असणार.”

“आई, तू बस परीक्षेला.”

“मी कशाला? तू आहेस ना. जगाची नाती घरबसल्या सोडवतोस. स्वतःचं एक जोडायला बोट उचललं नाहीस.”

“नोकरी लागली की जोडू.”

“तोवर तिची नात बघावी लागेल.”

काका, म्हणजे त्याचे वडील, मान खाली घालून जेवत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं. ते काच बसवणारे. चाळीस वर्षं तेच काम. खिडक्या, कपाटांची दारं, आरसे, तसबिरी. त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत एक पांढरी रेघ होती, आणि तिच्याबद्दल कुणी विचारलं तर ते म्हणायचे, “काचेनं सही केलीय.” सकाळी दोन तास तो त्यांच्या हाताखाली काम करायचा, मग वाचनालयात यायचा. काम त्याला लहानपणापासून येत होतं. हिरकणीने, म्हणजे टोकाला हिऱ्याचा कण बसवलेल्या लेखणीने, तो पट्टीच्या कडेने एकच रेघ ओढायचा. बारीक आवाज यायचा. मग टेबलाच्या कडेवर काच धरून हलकेच दाबायचा. ती सरळ तुटायची.

“रेघ सुरू केली की थांबायचं नाही,” काका मला सांगत. “हात थांबला की काच तिच्या मनात येईल तिकडे जाते.”

परीक्षा झाली. दोनशे प्रश्न, दोनशे गुण. चुकलं तर पाव गुण वजा. बाहेर आल्यावर तो कुणाशी बोलला नाही. तो कधीच बोलत नसे. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत त्याने घडी न घालता वहीत ठेवली आणि आम्ही चालत निघालो. चौकात तो म्हणाला, “झालं.” एवढंच.

तीन आठवड्यांनी तालिका लागली. वाचनालयात आम्ही ती समोर ठेवून बसलो. तो एकेक गोल तपासत होता, ओठ न हलवता. मी माझे संपवले. एकशे एकवीस. मला वाईटही वाटलं नाही. मागच्या तीन वर्षांत शेवटचा माणूस घेतला तो एकशे अडतीस, एकोणचाळीस, चाळीसला. मी रस्त्यावरच होतो.

त्याने पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“एकशे त्रेचाळीस,” तो म्हणाला.

बाई आपल्या टेबलावरून उठून आल्या. त्यांनीही मोजलं. मग त्या त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि तो, सदतीस वर्षांचा माणूस, तसाच बसून राहिला.

निघताना त्याने खुर्चीवरची उशी उचलली आणि काखेत मारली.

“आता तिला निवृत्त करतो, बाई.”

मी त्याला त्याआधी इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

इथून पुढचं मला नीट सांगता येत नाही. जसं झालं तसं लिहितो.

माझा एकशे सतरावा प्रश्न चुकला होता. काच हा पदार्थ कोणत्या प्रकारात मोडतो? मी लिहिलं होतं, अस्फटिकी स्थायू. तालिकेत होतं, द्रव. सामान्यज्ञानातल्या ज्या थोड्या प्रश्नांची उत्तरं मला खरोखर माहीत होती त्यातला हा एक. शाळेत एका बाईंनी शिकवलेलं डोक्यात राहिलं होतं. मला त्या गुणाचा काही उपयोग नव्हता. तरी मला राग आला. पाच दिवसांत आक्षेप पाठवता येत होता.

मी दुकानात गेलो. काका एका आरशाला पाठ लावत होते. दादा टेबलावर मोठी काच घेऊन उभा होता, हातात हिरकणी. पट्टी लावून झाली होती.

“काका,” मी विचारलं, “काच द्रव असते का?”

काका हसले. “म्हणजे चाळीस वर्षं मी काय पेल्यानं मोजून विकली का रे, कविराज?”

“पुस्तकात आहे. जुन्या खिडक्यांच्या काचा खालच्या बाजूला जाड असतात म्हणे. काच हळूहळू वाहते म्हणून.”

दादाने हिरकणी अजून टेकवली नव्हती.

“कोण म्हणतं?” काकांनी आरसा बाजूला ठेवला. आता ते खुशीत आले होते. “अरे, जुन्या इमारतींतल्या शेकडो काचा मी या हातांनी काढल्यात. पूर्वी काच फुगवून करायचे. एका अंगाला जाड व्हायची. बसवणारा जाड बाजू खाली घ्यायचा. जड बूड खाली, यात विज्ञान कसलं? आणि सगळेच बसवणारे शहाणे नसतात. कितीतरी ठिकाणी मला जाड बाजू वर सापडलीय. मग ती काच काय वर चढली?”

मी कागद काढला आणि लिहून घ्यायला लागलो.

“कवी,” रेघ सुरू करत दादा म्हणाला, “आक्षेप करायचाय वाटतं.”

“करू का?”

कर्रकर्र असा आवाज येत होता तो थांबला. मी वर पाहिलं. हिरकणी काचेच्या मधोमध टेकलेली होती आणि त्याचा हात हलत नव्हता. मग त्याने पुन्हा दाब दिला, आणि काच रेघ सोडून तिरकी, थेट कोपऱ्यापर्यंत तडकली.

“अरे!” काका ओरडले. “अर्ध्यात थांबायचं नसतं. इतक्या वर्षांत एवढं कळू नये? परीक्षेत चांगले गुण पडले की हात आखडतो का?”

तो तुकड्यांकडे बघत होता.

“कर,” तो मला म्हणाला. “ते मान्य कधीच करत नाहीत. पण कर.”

“माझं नाव घालून लिही,” काका म्हणाले. “म्हणावं, काच काय असते ते काच कापणाऱ्याला विचारा. पुस्तक लिहिणाऱ्याला काय विचारता?”

मी संध्याकाळी मसुदा लिहून त्याला दाखवला. त्याने वाचला. दोन विशेषणं काढायला सांगितली. भौतिकशास्त्राच्या कोणत्या पाठ्यपुस्तकात कुठलं पान लागेल तेही त्यानेच सांगितलं, न बघता. काकांचं म्हणणं मी एका परिच्छेदात घातलं होतं, त्यांच्याच शब्दांत. तो परिच्छेद तो पुन्हा वाचत राहिला.

“चांगलं लिहितोस रे,” तो म्हणाला.

मी खूश झालो. हे मला लिहायला लाज वाटते, पण मी खूश झालो होतो.

सहा आठवड्यांनी सुधारित तालिका आली. आलेल्या सगळ्या आक्षेपांमधला एकच मान्य झाला होता. प्रश्न क्रमांक एकशे सतरा. योग्य उत्तर, अस्फटिकी स्थायू.

मी वाचनालयातून दुकानापर्यंत पळत गेलो. धापा टाकत कागद पुढे केला. काकांनी चष्मा लावला, वाचलं, परत वाचलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, “अगं ए, मंडळानं माझं ऐकलं!” चहा झाला. शेजारच्या कुलूपवाल्यालाही बोलावलं. काका त्याला जाड बाजू आणि पातळ बाजू हातवारे करून समजावत होते.

दादा कप हातात घेऊन दारात उभा होता.

“अभिनंदन, कवी,” तो म्हणाला.

मला काही कळलं नाही. समोर उभा होता, आणि मला काही कळलं नाही.

आठ दिवसांनी निकाल लागला. शेवटचा माणूस एकशे बेचाळीसला घेतला होता. मी यादीत त्याचा क्रमांक शोधला. यादी संपली. परत वरून शोधला. मग खाली न घेतलेल्यांचे गुण होते त्यात बघितलं. एकशे एकेचाळीस पूर्णांक पंचाहत्तर.

मी तिथेच हिशेब मांडला. एकशे त्रेचाळीसातून सव्वा गुण वजा. म्हणजे एक बरोबर उत्तर चूक झालं. एक गुण गेला, वर पाव कापला. सुधारित तालिकेत बदललेला प्रश्न एकच होता.

तो दुकानाबाहेर गाडीत काचा चढवत होता. दोन काचांमध्ये जुना कागद घालत होता, एकेक करून. मला बघून त्याने काम थांबवलं नाही. शेवटची काच आत गेल्यावर त्याने खिशातून कार्बन प्रत काढली. आता तिला घड्या पडल्या होत्या. त्याने एकशे सतरावर बोट ठेवलं. दुसरा गोल. काठोकाठ भरलेला, कडेबाहेर जराही न गेलेला. द्रव.

“एकसष्टांतला होता,” तो म्हणाला. “निळ्या पुस्तकात. पान दोनशे चार.”

“तू सांगायचंस ना, दादा.”

“केव्हा?”

“मी विचारलं तेव्हा. करू का म्हणून विचारलं होतं मी.”

“बाबा समोर होते.”

त्याने प्रत घडी करून पुन्हा खिशात घातली.

“काय सांगू त्यांना? काच द्रव असते असं मी लिहून आलोय?” त्याने दुकानाकडे पाहिलं. आत काका कुणाशी तरी मापं बोलत होते. “सात वर्षांचा होतो. त्यांनी माझ्या हातात हिरकणी दिली तेव्हा. तिसऱ्या दिवशी हात कापला. तेव्हापासून मला ठाऊक आहे काच काय असते. आणि मी तो गोल भरला. एक सेकंदही थांबलो नाही.”

“नंतर तरी. संध्याकाळी मसुदा दाखवला तेव्हा.”

“तेव्हा त्यात बाबांचं बोलणं होतं.” त्याने गाडीतली काच हाताने दाबून बघितली. “आणि मला वाटलं, अमान्यच होणार. आठ वर्षांत एक मान्य झाला नव्हता रे. माझे चार कसे लिहिले होते मी. कोरडे. तुझं वाचलं तेव्हा पहिल्यांदा शंका आली.” मग तो हसला, पण ते हसणं मला बघवलं नाही. “आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला दोष देणार?”

“मला दे.”

“तू खरं ते लिहिलंस.”

मी रडायला लागलो. रस्त्यात. त्याने गाडीच्या फळीवरचा कागद मला तोंड पुसायला दिला. त्यात काचेचा चुरा असेल म्हणून आधी झटकला.

“हे बाबांना कळता कामा नये,” तो म्हणाला. “कधीच. आईलाही नाही.”

मी हो म्हणालो.

त्यांना एवढंच माहीत आहे की मुलगा पाव गुणाने गेला. मोजण्यात चूक झाली असेल, असं त्याने त्यांना सांगितलं. काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, “मंडळाला काच कळली, माणूस कळला नाही.” मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहू शकलो नाही.

महिनाभराने त्याने मला निळं पुस्तक आणून दिलं. माझ्याकडे अजून तेरा वर्षं आहेत. मी पान दोनशे चार उघडलं. लाल गोल खोडून काढलेला होता. कागद तिथे पातळ झाला होता.

“आता साठच आहेत,” तो म्हणाला.

मी ते पुस्तक उघडत नाही. वाचनालयात मात्र जातो. खिडकीजवळची खुर्ची बाईंनी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही, आणि तिच्यावर मी बसू शकत नाही. कधी कधी वाटतं, त्या एका प्रश्नाने कुणीतरी आत गेलं असणार. एकशे बेचाळीसवाला कुणीतरी. त्याने काचेबद्दल खरं लिहिलं होतं. तो कुठेतरी टेबलाशी बसून काम करत असेल, आणि त्याला माझं नाव माहीत नाही.

दादा आता पूर्ण वेळ दुकानात असतो. काका म्हातारे झाले आहेत, जड काच उचलवत नाही. माझा आक्षेप आणि सुधारित तालिकेचं ते पान त्यांनी एका चौकटीत बसवून भिंतीवर लावलं आहे. वरची काच दादाने कापली. दुसरं कोण कापणार? रोज सकाळी दुकान उघडल्यावर तो बाकीच्या काचांबरोबर तीही पुसतो.

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो. एक बाई खिडकीचं माप घेऊन आल्या होत्या. त्यांची नजर चौकटीकडे गेली आणि काकांना तेवढंच हवं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. परीक्षा, प्रश्न, पुस्तकातली चूक, जुन्या खिडक्या, मंडळाचा निर्णय. बाई हसत ऐकत होत्या. टेबलावर दादा पट्टी लावून उभा होता.

“शिकलेला आहे माझा मुलगा,” काका म्हणाले. “तोच सांगेल. सांग रे यांना, काच काय असते?”

त्याने हिरकणी टेकवली आणि रेघ ओढायला सुरुवात केली.

“स्थायू,” तो म्हणाला. हात थांबला नाही.